जन्नतबीचं मनगट

अहमदपूरच्या जुन्या वस्तीत कुणाही बाईला विचारा, बांगड्या भराव्यात कुणाकडं? उत्तर एकच यायचं, जन्नतबी मणियार. 'यायचं' असं म्हणावं लागतं, हेच या हकिकतीतलं दुखणं आहे.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मधे एक निळा पडदा, पडद्यामागं संसार. जन्नतबी जाजमावर मांडी घालून बसायची आणि समोरच्या बाईचा पंजा हातात घ्यायची. साबणाचं पाणी लावायचं, अंगठ्याच्या मुळाशी दाबायचं, पंजा दुमडून निमुळता करायचा आणि "काय न्हाई, काय न्हाई, झालंच बघ" असं म्हणत बांगडी पार मनगटात. बाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलेलं असायचं. पण जन्नतबीनं एकदा 'काय न्हाई' म्हटल्यावर दुखायची काय बिशाद!

हात हातात घेतला की तिला माणूस कळायचं. ही रोज शंभर भाकऱ्या थापते, हिला दिवस गेलेत आणि अजून घरी सांगितलेलं नाही, हिचं जेवणावरचं मन उडालंय. गल्लीतली गुरम्मा खानावळीत भाकऱ्या करायची. तिच्या उजव्या तळव्यावरचे घट्टे बघून जन्नतबी म्हणायची, "तुझा हात न्हाई बाई हा, तवा हाय तवा." दोघी मग हसत बसायच्या.

सासूकडून धंद्याबरोबर एक नेमही तिच्याकडं आला होता. जुन्या बांगड्या उतरवताना एक तरी हातात राहू द्यायची, नवी चढली की मगच ती काढायची. नवरा जिवंत आहे तोवर बाईचं मनगट पापणी लवेपर्यंतही रिकामं दिसता कामा नये. बांगडी फुटली तरी 'फुटली' म्हणायचं नाही. गुरम्मासारख्या बाया 'वाढवली' म्हणत, जन्नतबीच्या घरात 'थंडी झाली' म्हणत. एखादी कॉलेजातली पोर "काय होतंय खाला, काढा की सगळ्या" असं म्हणाली, तर जन्नतबी तिच्याकडं असं बघायची की पोरगी गप्प बसायची. तीस वर्षांत तिच्या दुकानातून एकही बाई रिकाम्या मनगटानं उठली नव्हती. याचा तिला अभिमान होता, आणि अभिमान माणसाला कुठं नेऊन घालील सांगता येत नाही.

बावन्न-त्रेपन्नाव्या वर्षी तिचे स्वतःचे हात दुखायला लागले. सकाळी उठलं की पंजे लाकडासारखे. नमाजाआधी हात-तोंड धुऊन वजू करायची तर नळाची तोटी फिरेना, मग ती कोपरानं फिरवायची. ऊन दुकानाच्या पायरीवर आलं की बोटं जरा मोकळी व्हायची. तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगायला फुरसत तरी कुठं होती? नवरा सरदार एकेकाळी हातगाड्यावर बांगड्या घेऊन उरुसांना आणि बाजारांना फिरायचा. दोन वर्षांपूर्वी त्याला लकवा मारला. उजवं अंग गेलं, जीभ जड झाली, दिवसाकाठी चार शब्द कसेबसे बाहेर पडायचे. त्याला उठवणं, पुसणं, कूस बदलणं सगळं जन्नतबीच्या हातांवर. मुलगा हैदराबादेत गाडी चालवायचा. सून अफसाना गुणाची होती, पण सुनेनं अंगाला हात लावलेला सरदारला चालायचा नाही. डाव्या हातानं तो चादर घट्ट धरून ठेवायचा.

हात आखडतात हे शेवटी लपेना, तेव्हा "लातूरला जा, हाडांच्या मोठ्या डॉक्टरला दाखव," असं सगळे म्हणत. जाऊन यायला अख्खा दिवस. तेवढा वेळ सरदारची कूस कोण बदलणार? तर लातूर राहिलं ते राहिलंच.

अशात गल्लीच्या टोकाला एका संस्थेचा छोटा दवाखाना निघाला. तिथं डॉक्टर नव्हता. लुंबिनी नावाची सिस्टर होती, किनवटकडची, हसऱ्या तोंडाची आणि कडक जिभेची. तिच्या टेबलावरच्या पडद्यात डॉक्टर दिसायचा, तो बसायचा नांदेडला. नाव रविकिरण. चांगला माणूस होता, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं त्यात खलनायक शोधाल तर सापडणार नाही. एसटीचे धक्के नाहीत, रांग नाही, तासाभरात घरी परत. जन्नतबीला वाटलं, अल्लानं आपल्यासाठीच ही सोय केली.

पहिल्या दिवशी ती न्हाऊन, सुरमा घालून, ईदची ओढणी घेऊन पडद्यापुढं ताठ बसली. मोठ्या माणसापुढं गबाळं कसं जायचं?

"काय मावशी, कसं काय आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"बरं हाय साहेब. तुमी बरे हाव ना? जेवण झालं?"

डॉक्टर हसले. लुंबिनीनं कपाळाला हात लावला. "खाला, दुखणं सांगा की! बरं हाय तर आलात कशाला?"

पण आमच्याकडं 'कसं काय' या प्रश्नाला दुसरं उत्तरच नाही. माणूस तिरडीवर असला तरी उठून 'बरं हाय' म्हणेल आणि वर चहाचं विचारील. हातात हात घेऊन विचारलं तर एखादेवेळी खरं निघेल. पण काचेतून विचारणाऱ्या परक्या, शिकल्यासवरल्या माणसापुढं आपलं रडगाणं गायचं हे जन्नतबीला बेअदबी वाटायचं.

"सकाळी हात किती वेळ आखडलेले असतात?"

"थोडा येळ साहेब."

तिच्या हिशेबी पायरीवर ऊन येईपर्यंतचा वेळ थोडाच होता. डॉक्टरांनी काय लिहून घेतलं, कोण जाणे. त्यांनी रक्त तपासायला सांगितलं.

पंधरा दिवसांनी रक्ताचा कागद आला तो कोरा करकरीत. सगळं ठीक. मग मात्र रविकिरण डॉक्टर खुर्चीतून पुढं झुकले आणि नीट समजावून बोलले.

"मावशी, ऐका. एक सांधेदुखी अशी असते की शरीर आपलेच सांधे आतून खातं. कधीकधी रक्तात ती दिसत नाही, रक्त गप्प बसतं. पण मनगटाला सूज असली की ती पकडता येते. सूज असेल तर मी आजच वेगळं औषध सुरू करतो. ते वेळेवर सुरू झालं तर हात वाचतात. उशीर झाला तर बोटं वाकडी होतात, आणि वाकडी झालेली सरळ होत नाहीत. नांदेडला याल का? मी हातानं बघतो."

"कशी येऊ साहेब? घरचे मालक पडून हायेत."

"मग इथं दाखवा. बांगड्या काढा दोन्ही हातांतल्या."

साधी गोष्ट होती. नांदेडहून, काचेतून, घड्याळ बघत सांगायला तर फारच साधी. जन्नतबीनं दोन्ही हात ओढणीखाली घेतले.

"काढते साहेब. पुढल्या टायमाला."

खरी गोष्ट अशी होती की बांगड्या निघत नव्हत्या. दोन्ही हातांत बारा-बारा हिरव्या काचेच्या, अफसानाच्या लग्नात भरलेल्या. तेव्हा मनगट सडपातळ होतं. आता मनगट फुगून काचेत रुतलं होतं आणि बांगड्या जागच्या हलत नव्हत्या. काढायच्या म्हणजे फोडायच्या. एकेक फोडून एकेक नवी भरावी म्हटलं, तर नवी चढायला पंजा दुमडावा लागतो. तिचा पंजा दुमडत नव्हता. मोठ्यातलं मोठं मापही बोटांच्या पेरांवर अडून बसलं असतं. हजारो हातांत काच घातलेली बाई ती, तिला हे डॉक्टरांच्याही आधी कळलं होतं. एकदा फोडल्या की मनगट नागवं ते कायमचं. आणि आत खाटेवर लकव्यानं पडलेला नवरा.

लुंबिनी तिच्यामागं दारापर्यंत आली. "खाला, प्लॅस्टिकची कापून घाला. उघडून घालायची पेचाची पितळी मिळते. दोन मिनिटांचं काम हाय."

"तुला न्हाई कळायचं बेटा."

"मला काय कळायचं न्हाई? हात तुमचा जाऊन राहिला, माझा न्हाई."

जन्नतबी घरी आली. चुलीपाशी तिनं अफसानाला सगळं सांगितलं, आणि खाटेवरून सरदारनं ते ऐकलं. त्यानं डाव्या हातानं खाटेची कडा वाजवली. ती जवळ गेली तशी त्यानं तिचं मनगट धरलं. लकवा झाल्यापासून पहिल्यांदाच धरलं असेल. बांगड्यांवर बोट ठेवून, तोंड वाकडं करून, जीव एकवटून तो म्हणाला, "निकाल... जन्नत... निकाल दे."

तिनं चटकन त्याच्या तोंडावर हात ठेवला. "तोबा! असं बोलू नगा. तुमी हाव तोवर हे हाय."

सरदार भिंतीकडं तोंड करून पडून राहिला. ज्याच्या जिवासाठी ती काच राखत होती तोच काढ म्हणत होता. पण तीस वर्षं दुसऱ्यांना शिकवलेला नेम एका माणसाच्या सांगण्यावरून सुटत नाही, तो माणूस नवरा असला तरी.

पुढच्या तारखेला सरदारला ताप होता, म्हणून जन्नतबी दवाखान्यात गेली नाही. लुंबिनीनं अफसानाच्या फोनवर घरीच डॉक्टर जोडून दिले. अफसाना औषध आणायला बाहेर गेलेली. फोन साखरेच्या डब्याला टेकवलेला, उजेड पाठीमागं, चित्र मधूनच थिजायचं.

"दाखवा मावशी मनगट. काढल्या का बांगड्या?"

जन्नतबीनं कुडत्याची बाही पुढं ओढली, हात फोनपुढं धरला आणि भराभर उलटासुलटा फिरवला.

"सूज आहे का? मला नीट दिसत नाहीये. तुम्हीच दाबून सांगा."

आणि जन्नतबी तीस वर्षं जे म्हणत आली तेच म्हणाली. "काय न्हाई साहेब. काय न्हाई. बघा की, काय सुद्धा न्हाई."

डॉक्टरांनी विश्वास ठेवला. का ठेवू नये? दुखणाऱ्या माणसानं दुखत नाही म्हणावं, असं कुठल्या पुस्तकात लिहिलेलं असतं? त्यांनी नोंद केली, सूज नाही, दुखणं वयाचं आणि कामाचं. दुखेल तेव्हा गोळी, सकाळी गरम पाण्यात हात, ओला फडका पिळायचा व्यायाम, आणि महिन्यातून एकदा फोन.

फोन नेमानं यायचा, दर महिन्याला, त्यात खोट नाही. "कसं आहे मावशी?" "बरं हाय साहेब." "व्यायाम करताय ना?" "करून राहिले साहेब." पाच मिनिटांत काम संपायचं. लुंबिनी एकदोनदा दुकानात डोकावून गेली. तिच्यापुढं जन्नतबी हात ओढणीत घेऊन बसायची. चोर चोरी लपवतो तशी ती आपलं दुखणं लपवायची. तिच्या या हट्टाचा मला राग येतो. कुणावर काढायचा तेवढं मात्र कळत नाही.

दीड वर्ष असं गेलं. बोटं हळूहळू करंगळीच्या बाजूला कलायला लागली. भाकरी थापणं सुटलं, मग कुडत्याची बटणं लावणं सुटलं, मग सरदारची कूस बदलताना ती हातांऐवजी खांदा लावू लागली. दुकानात मात्र ती बसायची, आणि बसायची म्हणूनच तो दिवस आला.

गुरम्मा पंचमीच्या बांगड्या भरायला आली होती. जन्नतबीनं तिचा तव्यासारखा पंजा हातात घेतला, अंगठ्याशी दाबायला गेली आणि जोर लागेना. पुन्हा दाबलं. कळ कोपरापर्यंत गेली, हात हिसडला आणि बांगडी पेरावर फुटून काच गुरम्माच्या हातात घुसली. जाजमावर रक्त ठिबकलं.

"काय न्हाई," सवयीनं जन्नतबी म्हणाली.

"काय न्हाई कसं? केवढं कापलं!" गुरम्मा ओरडली. मग जन्नतबीच्या चेहऱ्याकडं बघून तिचा आवाज उतरला. "खाला, तुमाला काय हून राहिलंय?"

जन्नतबी उठली आणि पडद्यामागं गेली. त्यानंतर ती जाजमावर बसली नाही, अफसाना बसायला लागली. गिऱ्हाइकं यायची, "खाला कुठं हायेत?" विचारायची, आणि हळूहळू विचारायची बंद झाली.

त्याच हिवाळ्यात, एका सकाळी, सरदार गेला. तिनं चहात बुडवलेली बिस्किटं भरवायला आणली तर तोंड उघडेना. बारा-बारा हिरव्या बांगड्या जागच्या जागी होत्या, एकही तडकलेली नव्हती. त्यांनी कुणाला राखलं नाही.

मयत उठल्यावर बायका जमल्या. वस्तीत कुणाचा नवरा गेला की चुड्या थंड्या करायला जन्नतबीलाच बोलवत. तिच्या हातून काच त्वचेला लागायची नाही. आता तिच्याच हाताची पाळी होती आणि ते काम तिनं शिकवलेल्या सुनेवर आलं. अफसानानं ओला फडका मनगटाभोवती गुंडाळला, खाली उशी दिली, वरून वरवंट्याचं टोक हळूच मारलं. काच आवाज न करता मोडली. दोन्ही हात झाले. मग तिनं फडका सोडला.

सगळ्या बायका बघत राहिल्या. बांगड्यांचे वळ काळेनिळे पडले होते आणि त्यांच्याखाली मनगटाचं हाड एका बाजूला सरकून वर आलं होतं. पंजा मनगटावर सरळ बसलेला नव्हता, खाली घसरलेला होता. सासऱ्याच्या मयतीला दबक्या आवाजात रडलेली अफसाना तिथं मोठ्यानं रडली. "अम्मी, ये क्या करून घेतलं तुमी? मी होते ना घरात!"

जन्नतबी आपल्या मनगटांकडं परक्याची असल्यासारखी बघत होती. दोन वर्षांत तिनंही ती बघितली नव्हती.

इद्दत लागली. चार महिने दहा दिवस बाईनं घराबाहेर पडायचं नाही. दवाखान्यासाठी सूट असते असं मौलवींनी निरोप धाडून सांगितलं, पण ती उठायला तयार नव्हती. शेवटी लुंबिनीच फोन घेऊन घरी आली. "तुमचं तोंड न्हाई दाखवत मी, खाला. फक्त हात," असं म्हणत तिनं फोन दोन्ही मनगटांवर धरला.

पलीकडून काहीच आवाज येईना. लुंबिनीला वाटलं नेट गेलं. तिनं फोन हलवला.

"हलवू नका सिस्टर," डॉक्टर म्हणाले. "दिसतंय मला. मावशी, तुम्ही सूज नाही म्हणाला होतात."

"म्या खोटं बोलले साहेब. मालक हुते. बांगड्या कशा काढू?"

"मीच तुम्हाला इकडं बोलावून घ्यायला हवं होतं," ते म्हणाले. "पाच मिनिटांत 'बरं आहे' ऐकून फोन ठेवायला नको होता."

"तुमी बरोबरच सांगितलं हुतं. तुमचा काय कसूर न्हाई."

"आता औषध देतो. पुढचं खराब होणार नाही, असा प्रयत्न करू. दुखणं कमी होईल. जे वाकलंय ते मात्र तसंच राहील."

"पुन्हा बांगड्या भरता येतील का मला? दुसऱ्याच्या हातात?"

"नाही मावशी."

लुंबिनीनं तोंड फिरवलं. जन्नतबीनं मान हलवली, जणू कुणी बाजारभाव सांगितला. फोन ठेवताना डॉक्टरांनी सवयीनं विचारलं, आता कसं आहे. "दुखतं साहेब," ती म्हणाली. "लई दुखतं. कवाचं दुखून राहिलंय."

नव्या गोळ्या सुरू झाल्या. सकाळचं आखडणं कमी झालं, ही औषधाची करामत खरीच. हात मात्र वाकडे ते वाकडेच.

इद्दतीचा तिसरा महिना चालू होता. दुपारी जन्नतबी पडद्यामागं बसली होती आणि पुढं अफसाना गुरम्माला बांगड्या भरत होती. गुरम्माच्या घरी लग्न होतं.

"जरा हळू घे गं," गुरम्मा म्हणाली. "मनगट ठणकतंय. सकाळी तर पीठच मळता येत न्हाई. ऊन वर आलं की बरं वाटतं."

जन्नतबीनं कान पडद्याकडं दिला.

"ह्या जुन्या तर निघतच न्हाईत," अफसाना म्हणत होती. "राहू द्या एक, मग नवी चढवते."

"एकही ठेवू नगं!" पडद्यामागून आवाज आला. "सगळ्या काढ. निघत नसतील तर फोड. पहिलं तिचं मनगट बघ."

"खाला, काय बोलून राहिल्या?" गुरम्मा म्हणाली. "घरात लग्न हाय, माझा मालक जित्ता हाय. तुमीच तर शिकवलं, एक तरी..."

जन्नतबी पडद्यापर्यंत सरकली. परक्यासमोर बाहेर यायची मुभा नव्हती, आणि गुरम्मा परकी नसली तरी दुकान उघड्या रस्त्यावर होतं. तिनं निळ्या पडद्याच्या फटीतून दोन्ही हात बाहेर काढले, कोपरापर्यंत, उघडे.

"म्याच शिकवलं," ती म्हणाली. "आता हे बघ."